पुढच्या दुकानात विचारा!

लोहार चाळीत माळ मिळते, लॅमिंग्टन रोडला माळेचा मेंदू मिळतो. गणपतीच्या आधी एखादा शनिवार मोकळा ठेवा, मोठी सॅक घ्या आणि या रस्त्यावर एक चक्कर टाकाच!

लोहार चाळ आणि लॅमिंग्टन रोड यांत तसं फार अंतर नाही. ट्रॅफिकने दया दाखवली तर टॅक्सीने थोडक्यात पोहोचता येतं. पण सणाच्या खरेदीसाठी निघालात, तर ही दोन वेगवेगळी गावं आहेत. लोहार चाळीत तयार माळ मिळते. पिशवीतून काढा, प्लग खोचा, चालू! ती कशी लुकलुकणार हे कारखान्यातच ठरलेलं असतं. तुमच्या हातात फक्त ते पिटुकलं बटण. तेच सात-आठ प्रकार फिरून फिरून येतात आणि तिसऱ्या दिवशी आजी वैतागून म्हणते, 'अरे, ती एकदाची स्थिर कर ना!'

ज्यांना माळेतला सतराव्वा दिवा केशरी, अठरावा पिवळा आणि आरती सुरू झाली की सगळे मिळून समईच्या ज्योतीसारखे हलके थरथरणारे हवे असतात, ती मंडळी ग्रँट रोडला उतरतात. असे लोक आता कमी नाहीत बरं का! दिवसा बँकेत किंवा आयटी पार्कात बसणारे, आणि रात्री डायनिंग टेबलावर सोल्डरिंग गन तापवणारे. तुमच्या ऑफिसातही असा एक नमुना असेल. नसेल, तर तो तुम्हीच असाल!

पाटीवर एक, तोंडात दुसरं

पाटीवर नाव आहे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. रिक्षावाले इथे नाहीतच, पण टॅक्सीवाल्याला हे नाव सांगून बघा. तो दोन सेकंद विचार करेल आणि विचारेल, 'लॅमिंग्टन रोड बोलो ना!' 1903 ते 1907 या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेले लॉर्ड लॅमिंग्टन केव्हाच गेले, पण त्यांचं नाव रस्त्यावरून काही हटत नाही.

ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरायचं आणि चालत यायचं. एकेकाळी हा सगळा भाग सिनेमा थिएटरांचा. मिनर्व्हा, अप्सरा, नाझ ही नावं आई-बाबांसमोर घेतलीत तर अर्धा तास हमखास गप्पा. आपल्याला मात्र इथे वेगळाच पडदा बघायचाय. दुकानं चिंचोळी, कपाटं छतापर्यंत, आणि कपाटात शेकडो छोटे ड्रॉवर. एकात रेझिस्टर, एकात कपॅसिटर, एकात नखाएवढ्या आयसी. मुख्य रस्त्यावर सीसीटीव्ही, अँटेना, लॅपटॉपचे चार्जर यांची गर्दी. सुट्या भागांसाठी थोडं आत, प्रॉक्टर रोडसारख्या गल्ल्यांमध्ये शिरावं लागतं. बाहेरून दुकान कळत नाही. कॉलेजची पोरं एका काउंटरला चिकटलेली दिसली की समजायचं, इथे प्रोजेक्टचं सामान मिळतं.

दिव्याला ड्रायव्हर कशाला?

गाडीला ड्रायव्हर असतो हे ठीक, पण दिव्याला? असतो ना! एलईडी ही मोठी नखरेल चीज आहे. जुना पिवळा बल्ब साधाभोळा होता. व्होल्टेज थोडं वाढलं तर थोडा जास्त उजळायचा, कमी झालं तर मिणमिणायचा. एलईडीचं तसं नाही. तांबड्याला दोन व्होल्टच्या आसपास पुरतात, हिरव्या-निळ्याला तीनच्या आसपास लागतात. आणि एकदा ती रेषा ओलांडली की व्होल्टेज जरासं वाढलं तरी करंट धावत सुटतो. त्याला लगाम घालणारी, ठरलेला करंटच वाहू देणारी चिप म्हणजे ड्रायव्हर.

त्याचं दुसरं काम रंग मिसळण्याचं. तांबडा, हिरवा, निळा असे तीन एलईडी एकाच घरात बसवलेले असतात. यातला निळा सगळ्यात उशिरा आला. झळझळीत निळा एलईडी 1993 मध्ये जपानमध्ये शुजी नाकामुरा यांनी बनवला आणि 2014 मध्ये त्यांना इसामू आकासाकी आणि हिरोशी आमानो यांच्यासह फिजिक्सचं नोबेल मिळालं. तिन्ही रंग हाताशी आल्यावर प्रश्न उरला प्रमाणाचा. एलईडी मंद करायचा तर चिप त्याला सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करते. जास्त वेळ चालू तर झगझगीत, कमी वेळ चालू तर मंद. डोळ्यांना ती लुकलुक कळतच नाही. प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या धरल्या, तर तिघांचे मिळून 1 कोटी 67 लाखांवर रंग होतात. पैठणीच्या दुकानातही एवढ्या छटा नसतील!

आधी काय होतं? जुन्या माळांमध्ये दिवे धावायचे तेही चिपच्याच जोरावर. 555 हा टायमर आणि 4017 हा मोजणारा आयसी. या जोडीवर कॉलेजच्या कितीतरी पिढ्यांनी 'रनिंग लाइट' बनवले. पण 4017 ला आउटपुट दहाच. म्हणजे दहा दिवे एकामागून एक पेटणार, रंग बदलणार नाही.

मग आली टीएलसी5940 सारखी चिप. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची, 28 पायांची आणि 16 आउटपुटची. प्रत्येक आउटपुटला 4096 पायऱ्या. एकच रेझिस्टर लावून सोळाही पायांचा करंट ठरवता येतो. 2 किलोओहमचा लावला की जवळपास 20 मिलीअँपिअर. एकदम देखणं काम! पण गणित करून बघा. एका रंगीत दिव्याला तीन पाय लागतात. म्हणजे एका चिपवर पाच दिवे आणि एक पाय रिकामा. पन्नास दिव्यांचं मखर करायचं तर दीडशे आउटपुट, म्हणजे दहा चिप, आणि प्रत्येक दिव्याकडे जाणारी वेगळी वायर. मखराच्या मागे डोकावलं तर टेलिफोन एक्स्चेंज!

चाळीतला पोस्टमन

ही वायरींची जंत्री ज्यांनी संपवली, त्यांचा पत्ता चीनमधलं डोंगग्वान. तिथल्या वर्ल्डसेमी या कंपनीची डब्ल्यूएस2811 ही चिप आठ पायांची आणि फक्त तीन आउटपुटची. एका रंगीत दिव्याला एक चिप. पुढे डब्ल्यूएस2812 मध्ये चिप थेट दिव्याच्या पोटातच बसवली. पाच मिलिमीटर लांब, तेवढाच रुंद चौकोन, त्यात तीन एलईडी आणि त्यांचा ड्रायव्हर. नीट बघितलंत तर काळा ठिपका दिसतो, तोच तो मेंदू. अमेरिकेतल्या अ‍ॅडाफ्रूट या कंपनीने अशा दिव्यांना 'निओपिक्सेल' नाव दिलं आणि हौशी मंडळींमध्ये तेच रुळलं. लॅमिंग्टनवर मात्र नुसतं 'पिक्सेल' म्हणा, कळतं.

यातली खरी गंमत पत्त्याची आहे. इंग्रजीत या दिव्यांना 'अ‍ॅड्रेसेबल' म्हणतात, म्हणजे प्रत्येकाला स्वतःचा पत्ता असलेले. पण चिपवर पत्ता कुठेच लिहिलेला नसतो! मग सतराव्या दिव्याला कसं कळतं, की केशरी रंग त्याच्यासाठी आहे?

चाळीतला पोस्टमन डोळ्यांसमोर आणा. तो प्रत्येक खोलीपर्यंत जात नाही. सगळ्या पत्रांचा गठ्ठा पहिल्या खोलीत देतो आणि निघून जातो. पहिल्या खोलीने वरचं पत्र स्वतःला ठेवायचं, उरलेला गठ्ठा दुसरीला द्यायचा. दुसरीने तेच करायचं. सतराव्या खोलीपर्यंत गठ्ठा जातो तेव्हा वरचं पत्र आपोआप तिचंच असतं. रांगेतली जागा हाच पत्ता. मग पोस्टमन थोडा वेळ गप्प बसला, की सगळ्या खोल्यांनी आपापलं पाकीट एकदम फोडायचं. सगळे दिवे एका क्षणी रंग बदलतात.

एका दिव्याचं पत्र 24 बिटांचं, प्रत्येक रंगाला आठ-आठ. ते पोचायला 30 मायक्रोसेकंद लागतात. तीनशे दिव्यांची सगळी डाक 9 मिलिसेकंदांत वाटून होते, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा नवीन चित्र! हजार दिवे लावलेत तर हा वेग तिसाच्या आसपास येतो, तोही डोळ्यांना पुरतो. आणि प्रत्येक खोली गठ्ठा नुसता पुढे ढकलत नाही, तर नव्या कोऱ्या कागदावर स्वच्छ अक्षरात उतरवून देते. म्हणून शंभराव्या दिव्यापर्यंतही निरोप खराब होत नाही. एवढ्या सगळ्याला वायरी किती? तीन. प्लस, मायनस आणि डाक.

आता तुमच्या लक्षात आलंच असेल, या व्यवस्थेतली मेख कुठे आहे. मधल्या एका खोलीला कुलूप लागलं, की पुढची सगळी चाळ अंधारात! एक चिप मेली की तिच्यापुढचे दिवे ठप्प. यावर उपाय म्हणून डब्ल्यूएस2813 आणि 12 व्होल्टवर चालणारी डब्ल्यूएस2815 आली. त्यांत डाकेची जादा वायर असते, शेजारी घरी नसला तर त्याच्या आधीच्या खोलीतून थेट पत्र घेण्याची सोय. पण लागोपाठ दोन गेल्या, तर मात्र खेळ खलास.

काउंटरवरचा इंटरव्ह्यू

गंमत म्हणजे हा रस्ताही असाच चालतो. तुम्ही यादी घेऊन पहिल्या दुकानात जाता. तो यादीतल्या दोन वस्तू काढून देतो आणि उरलेल्यासाठी हात दाखवतो, 'आगे पूछो.' पुढचा पिक्सेलची पट्टी देतो, पण सप्लाय? 'वो सामनेवाली गली में.' कुणी दुकानाचा नंबर सांगत नाही. पंख्याच्या शेजारी, झेरॉक्सच्या वर, जिन्याखाली. दोन तासांत अर्धी सॅक भरते आणि सहा-सात माणसांशी बोलणं होतं.

आणि इथला माणूस नुसतं विकत नाही, आधी इंटरव्ह्यू घेतो. 'पिक्सेल चाहिये' म्हटलंत की प्रश्न येतात. पाच व्होल्ट की बारा? मीटरला दिवे तीस, साठ की एकशे चव्वेचाळीस? घरात की बाहेर पावसात? कंट्रोलर कुठला? यातला एकेक प्रश्न पैसे वाचवणारा आहे. उदाहरणार्थ, 12 व्होल्टच्या डब्ल्यूएस2811 पट्टीत बहुतेक वेळा तीन-तीन दिवे एकाच चिपला बांधलेले असतात. पट्टीवर साठ दिवे दिसतात, पण पत्ते वीसच. मांडवाच्या कमानीला ते चालून जातं. गणपतीच्या मागे बारीक नक्षीची प्रभावळ करायची असेल तर मग पाच व्होल्टवालीच घ्या.

कंट्रोलरचंही तसंच. मंडळांचे लाइटवाले एसडी कार्डवाला तयार डबा वापरतात. कॉम्प्युटरवर डिझाइन बनवायचं, कार्डात भरायचं, लावून टाकायचं. घरच्या हौशीला अर्डुइनो किंवा ईएसपी32. अर्डुइनो ऊनोकडे मेमरी फक्त 2048 बाइटची आणि एका दिव्याला तीन बाइट, त्यामुळे पाचशे दिव्यांच्या आसपास त्याची दमछाक होते. ईएसपी32 मध्ये वायफायही आहे. त्यावर डब्ल्यूएलईडी हे फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं, की मखराचा रंग मोबाइलवरून बदलता येतो. एकही ओळ प्रोग्रामची लिहावी लागत नाही.

पण ईएसपी32 बोलतो 3.3 व्होल्टमध्ये आणि पाच व्होल्टवरच्या डब्ल्यूएस2812बी ला 3.5 च्या खालचा आवाज नीट ऐकू येईलच याची खात्री नाही. कधी चालतं, कधी दिवे वेड्यासारखे चमकतात. लोक चिपला शिव्या घालतात, पट्टी बदलून आणतात. उपाय आहे 74एचसीटी125 नावाची एक स्वस्त आयसी, मध्ये बसून आवाज पाच व्होल्टपर्यंत चढवणारी. अनुभवी दुकानदार ईएसपी32 आणि पिक्सेल एकत्र मागितले की स्वतःहून विचारतो, 'लेव्हल शिफ्टर है?'

अठरा अँपिअर!

इथवर सगळा मौजमजेचा मामला होता. आता जरा सीरियसली घ्या.

साठ दिव्यांच्या पट्टीचं पाच मीटरचं रीळ, म्हणजे तीनशे दिवे. पूर्ण पांढरा रंग लावला तर एका दिव्याला जास्तीत जास्त 60 मिलीअँपिअर धरायचे. गुणाकार करा. 18 अँपिअर! पाच व्होल्टला 90 वॉट. पाच व्होल्टला हात लावला तर शॉक बसत नाही, म्हणून माणूस बिनधास्त असतो. पण वायर तापते ती करंटने. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट. मोबाइलच्या चार्जरसारखी बारीक वायर 18 अँपिअरला जोडलीत तर ती आधी मऊ होते आणि मग वितळते. आणि ही वायर असते कुठे? मखराच्या मागे. थर्माकोलवर राज्यात 2018 मध्ये बंदी आली, ते उत्तमच झालं. पण त्याच्या जागी आलेला कागद, पुठ्ठा आणि कापड हेही पेट घेणारेच. शेजारी समई, वर अगरबत्ती, आणि रात्री सगळे झोपल्यावरही 'राहू दे रे चालू, छान दिसतंय!'

म्हणून खरी खरेदी पट्टीची नाही, सप्लायची आणि वायरीची. करंटच्या हिशोबापेक्षा थोडा मोठा सप्लाय घ्या. जाड वायर घ्या, फ्यूज लावा. पट्टीतल्या तांब्याच्या पातळ पत्र्यावर सगळा भार टाकू नका. दोन्ही टोकांना आणि लांब पट्टी असेल तर मध्येही वेगळ्या वायरने प्लस-मायनस द्या. नाही दिलंत तर पट्टी स्वतःच चहाडी करते. सुरुवातीचे दिवे शुभ्र आणि शेवटचे पिवळट-लालसर दिसतात. वाटेत व्होल्टेज पडतं, निळ्या-हिरव्याला जास्त व्होल्टेज लागतं म्हणून ते आधी माना टाकतात, तांबडा तेवढा तग धरतो. रंग बिघडला तर चिपवर संशय घेण्याआधी वायर बघा.

आणि अजून एक फंडा. घरात पूर्ण उजेडाची गरजच नसते. ब्राइटनेस एक तृतीयांशावर आणा. डोळ्यांना सुखद, सप्लाय थंड, गणपतीबाप्पाही खूश. डब्ल्यूएलईडीमध्ये तर करंटची कमाल मर्यादाच टाकता येते. ती मर्यादा टाकल्याशिवाय स्विच दाबू नका.

ऑनलाइन की काउंटर?

प्रश्न येणारच. हे सगळं घरबसल्या मागवता येतं, बऱ्याचदा स्वस्तही मिळतं, आणि निवड तर कितीतरी मोठी. मग ग्रँट रोडच्या घामात कशाला भिजायचं? खरं सांगायचं तर दहा रिळं लागणार असतील आणि काय हवंय ते पक्कं ठाऊक असेल, तर ऑनलाइन घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

पण या धंद्यात नकला भरपूर. बाहेरून दिवा हुबेहूब तोच, आतली चिप दुसऱ्या कुणाची. हिरवा थोडा वेगळा, वेळेचं गणित थोडं वेगळं. एकाच मखरात दोन लॉट मिसळलेत तर अर्धी प्रभावळ मोरपंखी आणि अर्धी पोपटी दिसेल. काउंटरवर रीळ लावून बघता येतं. आधी नुसता तांबडा, मग हिरवा, मग निळा, शेवटी पांढरा. मेलेला दिवा तिथेच कळतो. एकच आयसी, दोनच रेझिस्टर, अर्धा मीटर पट्टी असली फुटकळ खरेदीही इथे होते. सणाच्या आदल्या संध्याकाळी एक चिप उडाली, तर कुठलाही कुरिअर धावून येत नाही. ग्रँट रोडची लोकल मात्र असते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, वेबसाइट तुम्हाला कधीच विचारत नाही, 'वायर कौनसी लगाओगे?' बास्केटमध्ये पट्टी टाका, पैसे भरा, संपलं. अठरा अँपिअरचं गणित माहीत नसलेल्या माणसालाही पट्टी घरपोच मिळते. लॅमिंग्टनवरचा तो कंटाळलेला चेहरा चष्म्याच्या वरून बघत जो प्रश्न विचारतो, त्याची किंमत बिलात कुठेच लागत नाही. पण लोकांनी जर फक्त भाव विचारायचा आणि घरी जाऊन मोबाइलवर ऑर्डर द्यायची असं ठरवलं, तर एकेक काउंटर बंद होत जाईल. मधल्या चार खोल्यांना कुलूप लागल्यावर चाळीचं काय होतं, ते आपण आत्ताच बघितलं.

तेव्हा या वर्षी सगळं नाही, तरी निदान सप्लाय आणि वायर इथून घ्या. प्रश्न विचारा, उलट प्रश्न ऐका. दुकानदार म्हणाला 'आगे पूछो', तर रागावू नका. खरंच पुढे जाऊन विचारा!

जाताना खिशात ठेवा

• कसं जाल : पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड, पूर्वेला बाहेर. मेट्रोच्या अ‍ॅक्वा लाइनचंही ग्रँट रोड स्टेशन 2025 मध्ये सुरू झालं.

• कधी जाल : रविवारी बहुतेक दुकानं बंद. शनिवारी दुपारच्या आत पोचा. गणपतीच्या आदल्या आठवड्यात गेलात तर गर्दीची तक्रार करू नका.

• काय घ्याल : पट्टी, सप्लाय, जाड वायर, फ्यूज, 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (सप्लायच्या टोकांवर), 330 ते 470 ओहमचा रेझिस्टर (डाकेच्या वायरीत), 74एचसीटी125 आणि दोन-चार जादा पिक्सेल.

• काय बघाल : पट्टीवर बाण असतो. डाक त्याच दिशेने जाते, उलटी जोडलीत तर एकही दिवा लागणार नाही. कापायची तर खुणेच्या रेषेवरच. तांबडा मागितला आणि हिरवा पेटला, तर घाबरू नका. डब्ल्यूएस2812बी आधी हिरव्याचं पत्र वाचते, मग तांबड्याचं. सेटिंगमध्ये क्रम बदला.

• काय विसरू नका : कंट्रोलर आणि सप्लाय यांचे मायनस एकमेकांना जोडा. आणि झोपायला जाताना बटण बंद!